ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, नोकरी आणि आपली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली चौदा वर्षं ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळते आहे, म्हणजे आपापलं पात्र घेऊन अनेकांनी एकाच काल्पनिक जगात खेळायचे खेळ, त्यातली नऊ वर्षं पूर्णवेळ नोकरी सांभाळून. बहुतेक काळ हीलर, म्हणजे लढाईत साथीदारांना बरं करणारी, म्हणून खेळले. मधली चार वर्षं एका गिल्डची, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाची, ऑफिसर होते. गिल्डमध्ये नव्यानं आलेले खेळाडू मला जे प्रश्न विचारतात, तेच पुढे कधीतरी त्यांच्या घरची माणसंही विचारतात, फक्त सूर वेगळा असतो. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. हे खेळ मला मनापासून आवडतात, आणि म्हणूनच कुणाच्या घरात ते भांडणाचं कारण झाले की मला त्रास होतो.

आठवड्याला किती तास खेळलं म्हणजे ‘जास्त’ झालं?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा मी देणार नाही, पण हिशेब सगळ्यांना करता येतो. आठवड्याचे 168 तास. झोपेचे 56 काढा. नोकरीचे 45, जाण्यायेण्याचे 10. जेवणखाण, आंघोळ, कपडे, साफसफाई, सामान आणणं यांचे 25 धरले तर हातात 32 उरतात. आईवडिलांशी बोलणं, मित्रांना भेटणं, व्यायाम, नुसतं पडून राहणं आणि खेळ, हे सगळं त्या 32 तासांत बसवायचं.

आता दुसरा आकडा. निक यी या संशोधकानं 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा गेमच्या हजारो खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. सरासरी निघाली आठवड्याला सुमारे 22 तास, आणि खेळणाऱ्यांचं सरासरी वय 26 च्या आसपास. म्हणजे ही शाळकरी मुलं नव्हती, नोकरीधंद्याच्या वयाची माणसं होती. 32 मधून 22 गेले की बाकी आयुष्य 10 तासांत बसवायचं. ते बसत नाही, म्हणून लोक झोपेतून उसने घेतात.

मी स्वतः 12 तासांवर स्थिरावले आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाला 20 झेपतील, तान्ह्या बाळाच्या आईला 4 सुद्धा जड जातील. फक्त अंदाजावर जाऊ नका. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चॅटमध्ये ‘प्लेड’ ही आज्ञा दिली की त्या कॅरेक्टरवर आजवर किती दिवस, किती तास गेले ते दिसतं; ‘फायनल फँटसी 14’ मध्ये तेच काम ‘प्लेटाइम’ करतं; स्टीम या गेम विकणाऱ्या मंचावरच्या खेळांचे तास लायब्ररीतच लिहिलेले असतात. एका रविवारी आकडा वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी परत बघा. क्यूमध्ये, म्हणजे गट जमेपर्यंतच्या रांगेत, ताटकळलेला वेळही त्यात येतो आणि तो यायलाच हवा, कारण तोही तुमचाच गेलेला असतो.

तास ठीकच आहेत, तरी काहीतरी बिघडत चाललंय हे कशावरून ओळखायचं?

आपण खोटं बोलायला लागलो आहोत का, हे बघायचं. तासांपेक्षा ही खूण मला जास्त भरवशाची वाटते.

एकदा माझ्या जुन्या मैत्रिणीकडे जेवायला जायचं ठरलं होतं. त्याच संध्याकाळी रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून ठरवून करायच्या मोठ्या लढाईत, आमचा ग्रुप तीन आठवडे अडून बसलेल्या बॉसच्या (सगळ्यात बलाढ्य शत्रूच्या) अगदी शेवटच्या टप्प्याला पोचला. मी तिला ‘ताप आहे’ असा मेसेज केला. बॉस पडला, सगळे आनंदानं ओरडले, मीही ओरडले. आणि मग फोनवर तिचा मेसेज दिसला, ‘काढा करून घेऊन येऊ का?’ त्या रात्री मला झोप लागली नाही. खेळले याचं वाईट वाटलं नाही. ‘आज रेड आहे, उद्या येऊ का?’ असं सरळ विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. मी विचारलंच नाही, कारण खेळासाठी तिला टाळते आहे हे मला स्वतःशी कबूल करायचं नव्हतं.

ऑफिसात ‘नेट गेलं होतं’, घरी ‘आत्ताच लावला’, गिल्डमध्ये ‘पाहुणे आलेत’. अशी वाक्यं आठवड्यातून दोनदा तोंडात यायला लागली तर तास 6 असोत की 26, थांबून विचार करायची वेळ आली आहे.

सिनेमा मध्येच थांबवता येतो, मग हा गेम का थांबवता येत नाही?

हा घरच्यांचा प्रश्न, आणि अगदी रास्त. थांबवता येत नाही कारण ते जग तुमच्या कॉम्प्युटरवर नसतं. ते दूरच्या सर्व्हरवर चालू असतं आणि त्यात इतर माणसं असतात. 1978 साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं आणि मग रिचर्ड बार्टलनं ‘मड’ नावाचा नुसत्या मजकुराचा खेळ रचला. अनेकांनी एकाच वेळी एकाच जगात वावरायचं ही कल्पना तिथून रुजली. 1997 चं ‘अल्टिमा ऑनलाइन’, 1999 चं ‘एव्हरक्वेस्ट’, 2004 चं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ही त्याच वंशातली नावं. यातल्या एकातही पॉजचं बटण नाही, कारण एकानं जग थांबवलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

तरीही खेळणाऱ्यांनी या कारणाची ढाल करू नये. गेममधला सगळा वेळ सारखा नसतो. मासे पकडणं, झाडपाला गोळा करणं, क्राफ्टिंग (वस्तू बनवणं), बाजारात माल लावणं हे कधीही सोडून उठता येतं. अनोळखी चौघांबरोबरचं डंजन, म्हणजे छोट्या गटाची मोहीम, वीस-तीस मिनिटांचं; मध्येच उठलात तर त्या चौघांचा वेळ वाया जातो. आणि आपल्या माणसांबरोबर ठरवून केलेली रेड दोन-तीन तासांची, त्यात हीलर उठून गेला तर सगळेच मरतात. घरच्यांना हा फरक माहीत नसतो. त्यांना पडद्यावर रंगीत दिवे दिसतात, बस.

आमच्या गिल्डमधल्या एकानं दारावर दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. हिरवी म्हणजे हाक मारा, लगेच उठतो. लाल म्हणजे अमुक वाजेपर्यंत फक्त गरज असेल तरच. कल्पना त्याच्या मुलीची होती. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लाल चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असायची, आणि ती वेळ तो पाळायचा.

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणतो आणि तास जातो. यावर उपाय?

मिनिटं सांगूच नका, काम सांगा. ‘हे डंजन संपलं की येतो, अजून दोन बॉस आहेत.’ ऐकणाऱ्याला निदान मोजता येतं. आणि ते संपल्यावर खरंच उठा. क्यूचं बटण पुन्हा दाबायचा मोह डंजन संपल्यावरच्या दहा सेकंदांतच होतो. तेवढ्यात खुर्चीतून उभं राहिलं की बहुतेक वेळा निभावतं.

डेली (गेममधली रोजची ठरावीक कामं) चुकल्या की मी मागे पडतो. रोज लॉगिन न करता कसं चालेल?

चालतं. मला याबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण नोकरदार खेळाडूंचा सर्वांत जास्त वेळ याच भीतीपोटी जातो.

आधी हे लक्षात घ्या की खेळ रचणाऱ्यांना आपल्या मनाची चांगली ओळख असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या बीटा, म्हणजे बाजारात येण्यापूर्वीच्या, चाचणीत एक नियम होता: बराच वेळ सलग खेळलात की मिळणारा अनुभव, म्हणजे एक्सपी, निम्म्यावर यायचा. हेतू चांगला होता, लोकांनी मध्ये विश्रांती घ्यावी. खेळाडू भयंकर चिडले. मग त्यांनी तेच गणित उलटं मांडलं. आधीचा पूर्ण आकडा आता ‘विश्रांतीनंतरचा दुप्पट’ म्हणून दाखवला आणि निम्मा आकडा ‘नेहमीचा’. आकडे जवळपास तेच, पण शिक्षेऐवजी बक्षीस दिसल्यावर तक्रारी बंद झाल्या. डेली क्वेस्टकडे आता या नजरेनं बघा. आज न खेळल्यानं तुमच्याजवळचं काहीच जात नाही. जे अजून मिळालंच नाही ते ‘गमावलं’ असं आपल्याला भासवलं जातं.

दुसरं म्हणजे मागे पडणं तात्पुरतं असतं. नवं एक्सपान्शन (खेळाचा नवा मोठा भाग) आलं की पहिल्या काही तासांत मिळणारी साधी चिलखतंही आधीच्या मोठमोठ्या रेडमधल्या वस्तूंना मागे टाकायला लागतात. मोठा पॅच, म्हणजे खेळातला बदल, आला की उशिरा येणाऱ्यांसाठी कॅच-अपची सोय बहुधा येतेच. सहा महिने रोज उठून मिळवलेली तलवार अशी एका संध्याकाळी कपाटात जाते. मी हे पाच वेळा अनुभवलं आहे आणि पाचही वेळा वाटलं, त्यातल्या निम्म्या संध्याकाळी मी बाहेर फिरायला गेले असते तरी आज इथेच असते.

म्हणून डेलींची यादी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे ती का करता ते लिहा. ज्यांच्यापुढे ‘मजा येते’ किंवा ‘रेडसाठी लागतं’ लिहिता आलं त्या ठेवा, बाकी सोडून द्या. आणि रोजच्यापेक्षा आठवड्याच्या कामांवर भर द्या. वीकली रिसेट, म्हणजे आठवड्याची कामं नव्यानं सुरू होणं, ठरलेल्या दिवशी होतो. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये उत्तर अमेरिकेत मंगळवारी, युरोपात बुधवारी. तोवर कधीही केलं तरी चालतं, आणि नोकरी करणाऱ्याला तीच ढील लागते.

नोकरी करून रेडिंग जमतं का?

जमतं. माझ्या ओळखीचे उत्तम रेडर डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, एक जण रात्रपाळीत मशीन चालवतो आणि त्याचा ग्रुप सकाळी रेड करतो.

2004 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’च्या रेडला चाळीस माणसं जमवावी लागायची. चाळीस जण वेळेवर येईपर्यंतच पाऊण तास जायचा. आता तिथली सगळ्यात अवघड पातळी वीस जणांची आहे, ‘फायनल फँटसी 14’ मध्ये आठ जणांत भागतं, आणि 2011 पासून ‘वॉरक्राफ्ट’मध्ये अनोळखी लोकांना आपोआप जोडून देणारी सोपी रेडही आहे. कथेचा शेवट बघायचा एवढीच इच्छा असेल तर गिल्डच्या वेळापत्रकात अडकायची गरजच नाही.

गिल्डमध्ये जायचंच असेल तर शिरण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट विचारा. रेड किती दिवस आणि किती वाजेपर्यंत, आणि ठरलेल्या वेळेला खरंच संपते का? राखीव माणसं आहेत का, म्हणजे एखादा नाही आला तर त्या रात्रीची रेड होते की रद्द? सुट्टी किती आधी सांगायची? आणि वेळ कुठल्या टाइम झोनची? शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासभर मागेपुढे करतात; तुमच्याकडे तसं नसेल तर एका आठवड्यात अचानक रेड तासभर उशिरा सुरू व्हायला लागते आणि झोपेचं गणित कोलमडतं.

आठवड्याला दोन रात्री, प्रत्येकी अडीच ते तीन तास, हे नोकरदार माणसाचं टिकाऊ माप आहे असं माझं ठाम मत आहे. तीन रात्री झाल्या की चौथ्या महिन्यात कुणीतरी कंटाळून किंवा भांडून जातोच. मी ऑफिसर असताना हे पुन्हा पुन्हा बघितलं. नव्या एक्सपान्शनचा पहिला आठवडा मात्र अपवाद समजा. त्यासाठी रीतसर रजा टाका, घरच्यांना महिनाभर आधी सांगा आणि मनसोक्त खेळा. लोक डोंगर चढायला रजा घेतात, तशीच ही.

कुठला गेम कमी वेळ खातो?

वेळापत्रकात न बांधणारे खेळ बघा. ‘गिल्ड वॉर्स 2’ ला मासिक वर्गणी नाही आणि 2012 पासून लेव्हलची कमाल मर्यादा 80 च आहे. वर्षभरानं परत आलात तरी जुनं चिलखत उपयोगी पडतं. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये कौशल्यं खऱ्या वेळेनुसार, तुम्ही लॉगआउट असतानाही वाढत राहतात, पण तिथली मोठी युद्धं तुमच्या सोयीनं होत नाहीत. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये 2024 पासून एक ते पाच जणांना खेळता येणारी ‘डेल्व्ह’ नावाची छोटी डंजन आली आहेत, ती मला आठवड्याच्या मधल्या संध्याकाळींसाठी फार सोयीची वाटतात. एका वेळी एकच मोठा गेम ठेवा. दोन गेमच्या डेली सांभाळून नोकरी करणारा सुखी माणूस मला अजून भेटलेला नाही.

रेडनंतर झोपच येत नाही. काय करायचं?

रेड लवकर संपवा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते, आणि अवघड बॉसवर दोन तास घालवल्यावर मन लगेच शांत होत नाही. छाती धडधडत असते, डोळ्यांपुढे तेच वर्तुळ फिरत असतं. मला झोपायच्या दीड तास आधी रेड संपलेली लागते.

खरा शत्रू म्हणजे ‘अजून एकच ट्राय’. आमच्या गिल्डमध्ये याचा बंदोबस्त असा केला होता: साडेदहानंतर नवीन पुल (नवा हल्ला) नाही, बॉसचं रक्त एक टक्का उरून वाइप झाला, म्हणजे आम्ही सगळे मेलो, असलो तरी नाही. सुरुवातीला हळहळ व्हायची. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढच्या रात्री ताज्या डोक्यानं तोच बॉस पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पडतो. दमलेले वीस लोक काल शिकलेलंही विसरतात. वेळ पाळण्याचं काम रेड लीडरकडे देऊ नका, त्याचं लक्ष लढाईत असतं. ज्याला सकाळी सगळ्यात लवकर उठायचं असतं त्याच्याकडे द्या.

गेममधले मित्र हे खरे मित्र मानायचे का?

हो, मानायचे.

नॉर्वेतला एक तरुण स्नायू क्षीण करत जाणाऱ्या डुशेन आजारामुळे व्हीलचेअरवर होता आणि ‘वॉरक्राफ्ट’ खेळायचा. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं की पोरगा एकटाच राहिला, कुणाशी मैत्री न होता गेला. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि त्याच्या गिल्डमधल्या लोकांचे संदेश येऊ लागले. त्यानं कुणाला आधार दिला होता, कुणाला घरच्यांशी बोलायला लावलं होतं. काही जण दुसऱ्या देशांतून अंत्यसंस्काराला आले. हे वाचून मी रडले होते, आणि त्यानंतर ‘ते काय खरे मित्र थोडेच’ असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

पण एक फरक मनात ठेवा. गिल्डमधला मित्र रात्री दोन वाजता तुमचं ऐकून घेईल. दवाखान्यात न्यायला शेजारचंच माणूस लागतं. दोन्ही मैत्र्या लागतात आणि दोन्हींची निगा राखावी लागते. आठवड्यातली एक संध्याकाळ मी न खेळणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवते आणि ती रेडच्याच कॅलेंडरमध्ये लिहिते, गिल्डला दिसेल अशी. रेडसाठी ती हलवायची नाही. आणि त्या संध्याकाळी खेळाचं पुराण लावायचं नाही. समोरच्यानं विचारलं तर आनंदानं सांगा, पण टॅलेंट ट्री (पात्राच्या कौशल्यांचा तक्ता) समजावत बसू नका.

जोडीदाराला हा खेळ अजिबात आवडत नाही. रोज भांडण होतं.

या प्रश्नाला घाईनं उत्तर देऊन चालत नाही. मी आधी एवढंच विचारते: त्यांना खेळ आवडत नाही, की तुम्ही शेजारी असून नसता ते? बहुतेक वेळा दुसरं असतं. हेडफोन लावलेला माणूस घरात असतो, पण त्याला हाक मारता येत नाही. वर तो कुणा अनोळखी लोकांशी हसून बोलतो आणि हेडफोन काढला की त्याचा चेहरा उतरतो. पलीकडच्या खोलीतून हे ऐकणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार करा.

माझ्या नवऱ्यानं एकदा मला सांगितलं, ‘तू रेडमध्ये सगळ्यांना नावानं विचारतेस, थकलास का, पाणी प्यायलास का. मला नाही विचारत.’ मला उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. रेडचे दोन दिवस पक्के आणि त्या दिवशी त्याच्या मित्रांकडे जायचा कार्यक्रम, म्हणजे कुणी कुणाची वाट बघत बसत नाही. जेवताना आणि घरी आल्यावरचा पहिला तास कॉम्प्युटर बंद. आणि महिन्यातून एकदा मी त्याला शेजारी बसवून काय चाललंय ते दाखवते, त्यानं खेळावं म्हणून नव्हे, तर ज्या नावांशी मी बोलते ती त्याला माहीत असावीत म्हणून. आता तो मध्येच विचारतो, ‘तुमच्या टँकची परीक्षा झाली का?’ (टँक म्हणजे शत्रूचे वार अंगावर घेणारा खेळाडू.)

जोडीदाराला खेळायला ओढू नका. त्याला स्वतःहून यावंसं वाटलं तर वेगळं कॅरेक्टर काढा, त्याच्या गतीनं चाला आणि त्याच्या वतीनं कळा दाबू नका. आणि तुमच्याच घरचा माणूस खेळत असेल तर मध्येच वायर ओढण्याचा प्रकार कृपा करून करू नका. वायर ओढल्यानं त्याला तेवढा राग येतो, शिकायला काही मिळत नाही. त्यापेक्षा रेड नसलेल्या दिवशी, दिवसाउजेडी, ‘मला तुझे हे दोन तास हवेत’ असं नेमकं मागा.

कामाच्या वेळात डोक्यात गेमच असतो. हे बरोबर आहे का?

चहाच्या सुट्टीत बॉसच्या डावपेचांचा विचार करणं अगदी स्वाभाविक आहे. दुसऱ्या खिडकीत बाजारातले भाव बघत राहणं, मीटिंगमध्ये गिल्डचं चॅट वाचणं हे मात्र नको. ऑफिसच्या मशीनवर गेमचा काहीही संबंध ठेवू नका, फोनवरच्या गिल्ड चॅटची सूचनाघंटी कामाच्या वेळात बंद ठेवा. घरून काम करणाऱ्यांनी जमल्यास खुर्ची तरी बदलावी. त्याच खुर्चीत काम, त्याच खुर्चीत खेळ असं झालं की कामाचा दिवस संपल्यासारखाच वाटत नाही.

वरिष्ठांना ‘मंगळवारी संध्याकाळी माझा ठरलेला कार्यक्रम असतो’ एवढं सांगणं पुरेसं आहे. कामाची खरी निकड आली तर गिल्डला आधी कळवून बसा बाहेर. नोकरीमुळे गैरहजर राहणाऱ्याला काढून टाकणारी गिल्ड तुमच्या कामाची नाही.

मला गिल्डची ऑफिसर व्हायला सांगतायत. होऊ का?

वेळेचा आकडा माहीत करून मगच हो म्हणा. खेळाच्या तासांवर आणखी चार-पाच तास जातात: भरती, लूटवरून (शत्रूंकडून मिळालेल्या वस्तूंवरून) रुसवेफुगवे, गैरहजेरीची यादी, रात्री अकराला येणारे ‘जरा बोलायचं होतं’. ‘एव्हरक्वेस्ट’च्या काळात लूट वाटायला ‘डीकेपी’ नावाची गुणांची पद्धत निघाली ती उगाच नाही. चाळीस माणसांत एक ढाल पडली की न्यायनिवाडा करावाच लागतो. मी माणसं जोडायला, वाद मिटवायला तिथे शिकले आणि ते ऑफिसात रोज कामी येतं. पण पहिल्या दिवशीच मुदत ठरवून घ्या. ‘सहा महिने करेन, नंतर बघू.’ मी मुदत ठरवली नाही आणि शेवटच्या वर्षात मला लॉगिनचा आवाजही नकोसा झाला होता.

पैशांचं काय?

वर्गणी हा सगळ्यात स्वस्त भाग. जपायचं ते सीझन पास (ठरावीक काळापुरत्या बक्षिसांसाठी वेगळे पैसे), स्किन (पात्राचे शोभेचे पेहराव), वाहनं आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या पेट्यांपासून. महिन्याची रक्कम महिन्याच्या पहिल्या दिवशी ठरवा, कार्ड गेममध्ये साठवून ठेवू नका, आणि रात्री दहानंतर काहीही विकत घेऊ नका. घरातला पैसा सामायिक असेल तर आकडा जोडीदाराला माहीत हवा.

हे व्यसन आहे का? डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही नोंद घेतली आहे. ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. त्यात मुख्य तीन लक्षणं आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळाला अधिकाधिक महत्त्व येत जातं. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं. हे सगळं इतकं तीव्र हवं की घर, शिक्षण, नोकरी यांत ठळक बिघाड व्हावा, आणि साधारणपणे किमान 12 महिने चाललेलं हवं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या ‘डीएसएम-5’ मध्ये हाच विषय ‘अजून अभ्यास हवा’ अशा विभागात ठेवला होता. नुसतं भरपूर खेळणं म्हणजे आजार नव्हे.

पण बारा महिने पुरे व्हायची वाट बघा असंही मी म्हणणार नाही. नोकरी जायची वेळ आली आहे, आंघोळ-जेवण चुकतंय, खेळ बंद केला की चीड किंवा भकासपणा आवरत नाही, कुणालाच भेटावंसं वाटत नाही, असं असेल तर आजच भेटीची वेळ घ्या. कितीतरी वेळा आधी नैराश्य असतं आणि खेळ हा त्यातला आडोसा असतो. आडोसा काढून घेतला आणि मूळ दुखणं तसंच ठेवलं तर माणूस उघड्यावर पडतो. डॉक्टरांना खेळाबद्दल सगळं सांगा, तिथे कोण मित्र आहेत हेही सांगा.

घरात लहान मूल आहे. आता खेळ संपलाच का?

रेड काही काळ संपली, खेळ नाही. टँक आणि हीलर या भूमिका सोडा, कारण तुम्ही उठलात तर सगळ्यांचं अडतं. एकट्यानं करायच्या गोष्टी, कथेचे क्वेस्ट, क्राफ्टिंग यांवर भागवा. बाळ रडलं की पडद्याकडे न बघता उठता आलं पाहिजे.

ब्रेक घ्यायचा आहे, पण गिल्डला कसं सांगू? आणि परत आल्यावर?

न सांगता गायब होऊ नका. मागे राहिलेले काळजी करतात, आणि तुमच्या जागेवर माणूस शोधायला त्यांना वेळ लागतो. दोन ओळी पुरतात: ‘कामाचा व्याप वाढलाय, या महिन्याअखेर थांबतोय, माझी जागा दुसऱ्याला द्या. अधूनमधून चॅटवर भेटेन.’ कारणं लांबवू नका, परतीची तारीख ठामपणे देऊ नका. गिल्डमास्टर असाल तर अधिकार आधी दुसऱ्याकडे सोपवा, गेममधल्या गिल्डच्या बँकेच्या चाव्यांसकट. ‘फायनल फँटसी 14’ मध्ये घर असेल तर लक्षात ठेवा, 45 दिवस कुणी आत शिरलं नाही तर ते पाडलं जातं. अशा घरापायी दर महिन्याला वर्गणी भरणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना मी घराचे फोटो काढून ठेवायला सांगते, जमीन सोडून द्यायला सांगते.

परत येताना जुन्या जागेवर हक्क सांगू नका. पहिले दोन आठवडे नुसते हिंडा. बटणं विसरलेली असतात, अर्ध्या क्षमता बदललेल्या असतात. रेडला लगेच हो म्हणू नका; आधी आठवड्यातल्या कुठल्या दोन संध्याकाळी आपल्या आहेत ते घरी विचारून ठरवा आणि तेवढंच गिल्डला कळवा. मी मागच्या वेळी आठ महिन्यांनी लॉगिन केलं तेव्हा कॅरेक्टर सोडून गेले होते त्याच खाणावळीत उभं होतं, एक्सपीच्या पट्टीवर विश्रांतीची निळी खूण भरलेली, आणि चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, ‘अरे, हीलर आली. जेवलीस का?’